बाहेरची स्कॉलरशिप: कर्ज घटतं की ग्रँट?

अमेरिकेत मुलीला बाहेरच्या संस्थेची मेरिट स्कॉलरशिप मिळाली की घरी पेढे येतात. पण ती कॉलेजला कळवावी लागते, आणि खरा फरक तिथे पडतो. समजा, कॉलेजने पूर्ण गरज भागवणारी 40,000 डॉलरची मदत दिलीय: 33,000 ग्रँट (परत न करायची मदत), उरलेलं कर्ज आणि वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळणारे पैसे). स्कॉलरशिप 5,000ची. गरज आधीच पूर्ण भागलेली, म्हणून कॉलेज तेवढी मदत कमी करतं.

काही कॉलेजं आधी कर्ज आणि वर्क-स्टडी कमी करतात. ग्रँट शाबूत, मुलीच्या डोक्यावरचा बोजा हलका.

काही मात्र सरळ ग्रँटच 28,000वर आणतात. रात्री जागून निबंध लिहिले मुलीने, पैसे वाचले कॉलेजचे! हा मला उघड अन्याय वाटतो. मेरीलँड राज्याने 2017मध्ये सरकारी कॉलेजांच्या अशा कपातीवर कायद्याने बंधनं घातली.

प्रवेश पक्का करण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसला विचारा, आधी काय कापता? उत्तर लेखी घ्या.