शटडाऊन सांभाळून शिकायचं तर: एमटेक, एमबीए की इंजिनिअरिंग मॅनेजमेंट?

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरकडे नोकरीतल्या इंजिनिअर पोराला तिशीच्या आसपास दोन प्रश्न हमखास विचारले जातात. लग्न झालं का, आणि पुढे काही शिकतोस का? पहिल्याचं उत्तर घरचेच शोधून देतात. दुसऱ्याचं शोधत आमच्या सिमेंट प्लांटच्या मेकॅनिकलमधला एक ज्युनिअर मध्यंतरी माझ्याकडे आला. मोबाइलमध्ये तीन कोर्सची माहितीपत्रकं होती. "सर, यातलं कोणतं भरू?"

मी त्याला आधी माझीच फजिती सांगितली. सहा वर्षांपूर्वी किल्नच्या, म्हणजे सिमेंटच्या फिरत्या भट्टीच्या, शटडाऊनमध्ये (दुरुस्तीसाठी ती बंद ठेवतात तेव्हा) तिच्या आतल्या विटा बदलायच्या होत्या. विटा आल्या, ठेकेदाराचे मिस्त्री आले, पण जुन्या विटा पाडायचं मशीन अकरा तास उशिरा पोचलं. माणसं सावलीत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी विचारलं, "हे अकरा तास कितीला पडले?" मी बुडालेल्या उत्पादनाचे टन सांगितले. ते म्हणाले, "टन मलाही मोजता येतात, रुपये सांगा. आणि तेवढ्या वेळात सपोर्ट रोलरचं काम का नाही उघडलं?" सपोर्ट रोलर म्हणजे किल्न ज्यांवर फिरते ते रोलर. मला किल्न कळत होती, तिचा हिशेब कळत नव्हता.

ज्याची गाडी या ठिकाणी अडते, त्याच्यासाठी इंजिनिअरिंग मॅनेजमेंट आहे. प्रोजेक्टचं वेळापत्रक आणि त्यातला क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळंच लांबतं ती साखळी), स्पेअरचा साठा किती ठेवायचा, गुणवत्ता, मशीनची विश्वासार्हता, दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं याचं गणित. एमबीएत हे थोडं असतं, पण सोबत मार्केटिंग आणि मनुष्यबळाचे पेपरही येतात. नेहमीच्या एमटेकमध्ये तुम्ही तुमच्याच विषयात आणखी खोल जाता. डिझाइन किंवा संशोधनाकडे ओढा असेल तर तेच करा, बाकी वाचू नका.

आता पोराच्या मोबाइलमधले तीन पर्याय.

पहिला, बिट्स पिलानीचा नोकरदारांसाठीचा एमटेक, मॅन्युफॅक्चरिंग मॅनेजमेंटमधला. म्हणजे नाव एमटेक, पण विषय इंजिनिअरिंग मॅनेजमेंटच्या जवळचा. नोकरदारांना शिकवण्याचं हे काम तिथे 1979 पासून चालू आहे. चार सेमिस्टर, ऑनलाइन तासिका बहुतेक शनिवार-रविवारी, आणि शेवटच्या सेमिस्टरला स्वतःच्या कामाच्या जागेवरचा प्रकल्प. नोकरीत असणं ही अटच आहे. माझी पदवी याच जातीची आहे, म्हणून मन थोडं इकडे झुकतं हे कबूल करतो. पण प्रकल्पामुळे झुकतं. मी गिअरबॉक्सच्या स्पेअरवर काम केलं. स्टोअरमध्ये बसून जुन्या मागणी-चिठ्ठ्या एक्सेलमध्ये उतरवल्या, तेव्हा एकच बेअरिंग तीन वेगवेगळ्या कोडखाली पडून असलेलं सापडलं. अशी गोष्ट वर्गात कुणी दाखवत नाही. खर्च मात्र तीन लाखांच्या घरात धरून चाला.

दुसरा, इग्नूचा एमबीए, ऑपरेशन्स घेऊन. तिन्हींत सर्वांत स्वस्त, लाखाच्या आत होतो. पुस्तकं स्वतःच वाचायची, असाइनमेंट वेळेत द्यायच्या. प्रवेश जानेवारी आणि जुलैत, परीक्षा जून आणि डिसेंबरात. किमान दोन वर्षं, आणि मुदत चार वर्षांपर्यंत असल्यामुळे एखादं वर्ष कामात गेलं तरी पाणी डोक्यावरून जात नाही. धाक घालायला मात्र कुणी नसतं. दर शनिवारी लॅपटॉपसमोर बसावं लागल्याशिवाय तुमचा अभ्यास होत नसेल, तर हा स्वस्त पर्यायच महाग पडेल.

तिसरा, अमेरिकेतला ऑनलाइन. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाची इंजिनिअरिंग मॅनेजमेंटची 30 क्रेडिटची मास्टर्स कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आहे. सुरुवातीचे ठरावीक कोर्स चांगल्या ग्रेडने पार केले की प्रवेश, जुनी मार्कशीट आडवी येत नाही. व्हिडिओ आपल्या सवडीने पाहता येतात, म्हणजे सी-शिफ्टवाल्याला, रात्रपाळीवाल्याला, सोयीचं. नावही थेट इंजिनिअरिंग मॅनेजमेंट. पण रुपयांत हिशेब दहा लाखांच्या वर जातो. बाहेरच्या देशात जायचं किंवा बहुराष्ट्रीय कंपनीत उडी मारायची असेल तर विचार करा. महाजनकोत (राज्याची वीजनिर्मिती कंपनी), वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोळसा खाणी) किंवा आयुध निर्माणीत राहून बढती हवी असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवी तिथे धरतात का हे आधी कार्मिक विभागाकडून लेखी घ्या. तोंडी "चालते जी" याला काही अर्थ नसतो.

कागदाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट जरा ताणून सांगतो. मलाही एका एजंटचा फोन आला होता. "सर, पत्राचारानं एमटेक, एका वर्षात, क्लास नाही, फक्त परीक्षा." असल्या माणसाला चहासुद्धा पाजू नका. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईच्या मंजुरीविना काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये निकाल दिला. 2001 ते 2005 मध्ये प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली आणि त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या रद्द ठरवल्या. नोकरीत स्थिरावलेल्या लोकांच्या त्या पदव्या होत्या. एमबीए दूरशिक्षणाने चालतो, इंजिनिअरिंगचं तसं नाही.

फी सगळेच विचारतात, कॅलेंडर कुणी विचारत नाही. सिमेंटची मागणी पावसाळ्यात पडते, म्हणून आमची मोठी शटडाऊन जुलै ते सप्टेंबरात येतात. माझी मधली परीक्षा बरोबर तेव्हाच यायची. दिवसभर किल्नमध्ये, रात्री पेपरची तयारी, आणि पहाटे नागपूरच्या केंद्रासाठी चार-साडेचार तासांचा प्रवास. दुसऱ्या सेमिस्टरला एक पेपर हुकला तो यातच. इग्नूची जून-डिसेंबर परीक्षा सिमेंटवाल्याला त्या मानाने बरी. जिनिंगमधल्या माणसाचं उलटं, त्याचा डिसेंबर कापसात बुडालेला असतो. आधी आपल्या प्लांटचं वर्ष कागदावर काढा आणि त्याच्या शेजारी परीक्षांचे महिने लिहा.

नेटवर्कचंही तेच. कोरपन्याकडच्या एखाद्या गावात राहत असाल तर लाइव्ह तासिकेच्या वेळी घरात बसून पाहा, आवाज तुटतो का. मी पहिलं सेमिस्टर प्लांटच्या ट्रेनिंग हॉलमध्ये बसून काढलं. वॉचमन म्हणायचा, "साहेब, तुमाले सुट्टीच्या दिवशी घरी काऊन करमत नाही?"

पोराला मी लगेच कुठेच पैसे भरू दिले नाहीत. एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स असतात ते) ऑपरेशन्स किंवा प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा बारा आठवड्यांचा कोर्स घे म्हटलं. शिकणं फुकट आहे, पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे, फार तर एका हॉटेलच्या जेवणाइतके. बाराही आठवडे असाइनमेंट गेल्या तर एमटेकचा फॉर्म भर. पाचव्या आठवड्यात सुटलं तर तीन लाख वाचले समज.

सध्या त्याचा चौथा आठवडा चालू आहे. काल विचारत होता, शटडाऊनच्या वेळापत्रकात विटांच्या कामाआधी कोणती कामं समांतर टाकता येतील.