दृष्टिहीन वादकानं मिक्सर कोणता घ्यावा: नॉबचा की मोबाइलवरचा?

भजन मंडळासाठी मिक्सर घ्यायचा आणि तो दृष्टिहीन माणसानंच चालवायचा, असं ठरवलेले लोक मला अधूनमधून फोन करतात. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा-मोझरी भागात गावोगावी खंजिरी भजनाची मंडळं आहेत. मी पेटी वाजवतो आणि मंडळाचा आवाजही मीच सांभाळतो. मला अजिबात दिसत नाही. दोन्ही प्रकारचे मिक्सर मी वापरलेत. किती चॅनल, किती इनपुट हे दुकानदार सांगेलच. मी बोटांना काय कळतं तेवढं सांगतो.

मोबाइलवर चालणाऱ्या डिजिटल मिक्सरचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. माइक शिट्टी मारायला लागला की नेमका तेवढाच सूर कापता येतो. नॉबच्या साध्या मिक्सरवर ट्रेबल-मिड-बास एवढंच हाताशी असतं, शिट्टी घालवताना गायकाचा आवाजही दबतो. शिवाय सेटिंग साठवून ठेवता येतं. आमच्यातले एक टाळकरी चाकाच्या खुर्चीवर असतात, मंचावरच्या टेबलापर्यंत त्यांचा हात पोचत नाही. त्यांनी टॅबलेट मांडीवर घेऊन संपूर्ण कार्यक्रम उत्तम सांभाळलेला मी ऐकलाय. तुमची अडचण डोळ्यांची नसून हातापायांची असेल, तर माझा कौल तुम्हाला लागू नाही असंच समजा.

डोळ्यांची असेल, तर अडतं ते ॲपपाशी. मी वापरलेल्या ॲपमध्ये फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, नुसते चित्र म्हणून काढलेले होते. पडद्यावरचं बोलून सांगणारी फोनमधली सोय म्हणजे टॉकबॅक; तिला ते दिसतच नव्हते, आणि जे दिसत होतं त्याला नाव नव्हतं. बोट फिरवलं की फक्त ‘बटण, बटण’. सगळीच ॲप्स अशी असतील असं मी म्हणणार नाही.

पण माझा निर्णय झाला तो लाइन जाण्यामुळे. भागवत सप्ताहात, ऐन रंगात आलेल्या भजनात लाइन जाते आणि येते, हे आपल्याकडे नवं नाही. लाइन आली की डिजिटल मिक्सर आधी सुरू होत बसतो. मग त्याचं वायफाय येतं. त्या वायफायवर इंटरनेट नाही म्हणून फोन परस्पर मोबाइल डेटाकडे पळतो. तो परत जोडायचा, ॲप उघडायचं, फेडर शोधायचा. तोवर मागून हाका सुरू: ‘भाऊ, आवाज नाही येऊन राह्यला!’ कोणता चॅनल बंद आहे, कोणता किती वर आहे, हे त्या वेळी मला कशावरूनच कळत नाही. डोळस माणूस पडद्याकडे एक नजर टाकतो आणि मोकळा होतो.

नॉबच्या मिक्सरवर लाइन गेली की मी मास्टर, म्हणजे सगळा आवाज एकत्र सांभाळणारा फेडर, खाली ओढतो, आली की हळूहळू वर नेतो. बाकी प्रत्येक नॉब जिथे होता तिथेच असतो, आणि कुठे आहे ते बोटाला कळतं. ट्रेबल-बास मध्यावर आले की ‘टक्’ लागतं, दोन्ही टोकांना नॉब अडतो. मात्र नॉबवरची रेघ नुसती रंगवलेली असेल तर तिचा उपयोग नाही, ती उठावाची हवी. माझ्या मिक्सरवर ती रंगवलेलीच होती, म्हणून प्रत्येक नॉबच्या टोकाला एम-सीलचा बारीक ठिपका दिला. आधी टिकल्या लावल्या होत्या; मे महिन्याच्या घामात त्या निघून आल्या.

नॉबवाल्यातही दोन जाती आहेत. काहींचं म्यूट बटण दाबलं की आत जाऊन बसतं, काहींचं नुसता दिवा लावून पुन्हा वर येतं. दुसरं आमच्या कामाचं नाही. गोल गोल कितीही फिरणारा, टोकच नसलेला नॉबही तसाच. हे बदलायला कंपनीला फार मोठं काही करावं लागत नाही, फक्त आराखडा काढताना आमच्यातलं कोणी शेजारी बसलेलं हवं. एनव्हीडीए हा कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर 2006 मध्ये मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणानं सुरू केला आणि जेम्स टेह या तशाच मित्राबरोबर वाढवला. पुढे टेह यांनीच ओसारा सुरू केलं; रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्यामुळे स्क्रीन रीडरनं चालवता येतं, म्हणून आज रीपरवर मी घरी एकट्यानं रेकॉर्डिंग करू शकतो. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना सरकारनं चालना द्यावी असं कलम आहे. मिक्सरपर्यंत ते अजून पोचलेलं मला जाणवलं नाही.

वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्डिंग हवंच असेल आणि मदतीला डोळस माणूस कायम असेल, तर डिजिटल घ्यायला माझी हरकत नाही. एकट्यानं चालवायचा असेल तर मी नॉबचाच सांगेन. दुकानात किंवा ओळखीच्या बिछायत केंद्रात तो आधी बंद असताना हातात घ्या आणि प्रत्येक म्यूट दाबून बघा. वीज नसताना दाबलेलं आणि न दाबलेलं यातला फरक बोटाला कळला नाही, तर दुसरा दाखवायला सांगा.