गणित विभागाचं डेटा सायन्स, दोन वर्षं वापरून

दारावरची पाटी जुनीच आहे. ‘गणित विभाग’ या अक्षरांखाली ‘व डेटा सायन्स’ एवढं नंतर रंगवलंय, आणि तो रंग वरच्याशी जुळत नाही. दोन वर्षं त्या पाटीखालून ये-जा केल्यावर मला वाटतं, रंगाऱ्याने अभ्यासक्रम अगदी बरोबर ओळखला होता.

मी हा एमएस्सीचा कोर्स नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या तुकडीत केला. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्या ज्यांच्याबद्दल आहेत ती माणसं चांगली आहेत. शिवाय गणित विभागांनी डेटा सायन्सकडे वळणं आता बऱ्याच ठिकाणी चाललंय, त्यामुळे तुमच्या जवळच्या विद्यापीठालाही यातलं निम्मं लागू पडेल.

आधी चांगलं सांगते. पहिल्या सत्रातला लिनियर अल्जेब्राचा पेपर म्हणजे या कोर्सचा जीव. शिकवणारे सर आयुष्यभर फंक्शनल ॲनालिसिसवाले, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. लॅपटॉपशी त्यांचं जमत नाही, खडूशी जमतं. एकार्ट आणि यंग यांचं १९३६चं प्रमेय त्यांनी सलग दोन तास फळ्यावर सिद्ध केलं. मोठ्या मॅट्रिक्सची, म्हणजे आकड्यांच्या तक्त्याची, कमी रँकची (थोड्याच स्वतंत्र ओळींतून घडणारी) सर्वांत जवळची नक्कल कोणती, याचं ते उत्तर. शेवटची ओळ लिहून झाल्यावर डस्टर खाली ठेवून ते म्हणाले, “आता तुमचं ते पीसीए शिकून झालं.” वर्ग हसला. पुढे महिनाभराने पीसीए, म्हणजे अनेक मापं थोडक्या दिशांत आटवायची पद्धत, आलं तेव्हा कळलं, त्यात विनोद नव्हताच. डेटातून सरासरी वजा करायची, की उरतं ते हेच.

पण माझे पैसे वसूल झाले ते दुसऱ्याच एका तासाला. मी मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. गाडी पोहोचायला किती वेळ लागेल, याचं एक साधं रिग्रेशन मॉडेल माझ्या गळ्यात होतं. दर महिन्याला नवा डेटा घालून चालवलं की अंदाज ठीक यायचे, पण सहगुणक, म्हणजे प्रत्येक मापाचा वाटा सांगणारे आकडे, कोलांट्या उड्या मारायचे. एका महिन्यात अंतर वाढलं की वेळ वाढतो, पुढच्या महिन्यात अंतर वाढलं की वेळ चक्क कमी होतो. साहेबांना काय सांगणार? मी तो तक्ता दाखवणंच बंद केलं होतं. याआधी केलेल्या दोन ऑनलाइन कोर्समध्ये उपाय होता: स्तंभ सारखे वाटले तर एक काढून टाका. का काढायचा, ते कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी फळ्यावर दोन बाण काढले, जवळजवळ एकावर एक. माझ्या डोळ्यांसमोर माझे स्तंभ आले: अंतर आणि जळालेलं डिझेल. दोघांची दिशा एकच. जो काही फरक आहे त्या दिशेतली सिंग्युलर व्हॅल्यू, म्हणजे डेटाचा तिकडचा पसारा, शून्याला टेकलेली, आणि उत्तर काढताना नेमकं तिनेच भागायचं. म्हणजे डेटातली किरकोळ गडबडसुद्धा कित्येक पटींनी फुगणार. त्यात पुस्तकी सूत्रासारखं एक्स ट्रान्सपोज गुणिले एक्स (डेटाचा तक्ता आडवा करून त्यालाच गुणणं) करायला गेलात तर कंडिशन नंबरचा, म्हणजे गडबड किती पट फुगू शकते त्या आकड्याचा, वर्ग होतो. १,००० असेल तर सरळ १० लाख. म्हणून चांगल्या लायब्ररी तो गुणाकार टाळतात आणि एसव्हीडी किंवा क्यूआर या मॅट्रिक्सची फोड करायच्या पद्धतींच्या वाटेने जातात. त्या रात्री घरी येऊन मी माझ्याच डेटावर तो नंबर काढला आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. चार वर्षं मी बिचाऱ्या ड्रायव्हरांच्या नोंदींना नावं ठेवत होते.

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात: चाळीस जण, चोवीस मशीन, आठवड्यातून एकदा. परीक्षेत मात्र पायथन कागदावर लिहायचं. उत्तरपत्रिकेच्या रेघांमध्ये चार जागा सोडून इंडेंटेशन दाखवायचं, आणि माझा अर्धा गुण त्यातच गेला. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा एसक्यूएल अभ्यासक्रमात नाही, कोडमधले बदल जपून ठेवणारं गिट नाही. विचारलं तर “ते तुम्ही शिकाल हो” असं उत्तर मिळतं. शिकतोही आपण, पण मग पाटीवरचा खालचा रंग कशासाठी?

आता एक रक्तदाबाची गोष्ट. कोर्समधलं सगळं काळंपांढरं त्या एका संध्याकाळी दिसलं. दुसऱ्या सत्रात मॅडम लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे हो की नाही याची शक्यता काढणारं मॉडेल, शिकवत होत्या. त्याचं चूक मोजणारं लॉस फंक्शन कॉन्व्हेक्स आहे, म्हणजे दरीला तळ एकच, उतरत गेलं की चुकीच्या खड्ड्यात अडकायची भीती नाही, हे त्यांनी इतकं सुरेख मांडलं की मागच्या बाकावरचेही वह्या उघडून बसले. मग प्रॅक्टिकलला पिमा या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचा मधुमेहाचा प्रसिद्ध डेटा दिला: ७६८ बायका, प्रत्येकीची आठ मापं, मधुमेह आहे की नाही ते ओळखा. सगळ्यांची मॉडेलं पळाली, अचूकतेचे आकडे फळ्यावर लिहून झाले. आमच्यात एक जण होती, पूर्वी रुग्णालयात नर्स असलेली. तिने हात वर केला. “मॅडम, यातल्या पस्तीस बायकांचा रक्तदाब शून्य आहे. या जिवंत आहेत का?”

वर्गात कुणी हसलं नाही. इन्सुलिनचा स्तंभ बघितला तर ३७४ शून्यं, म्हणजे जवळजवळ निम्म्या बायका. माप घेतलंच नव्हतं आणि रिकाम्या जागी कुणीतरी शून्य भरलं होतं. आम्ही चाळीस जणांनी ती शून्यं मुकाट्याने वजनांनी गुणली होती. मॅडमनी खुर्ची ओढली, बसल्या आणि म्हणाल्या, “हे मी बघितलंच नाही.” विद्यापीठातल्या शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यासाठी एक अख्खा तारा वेगळा द्यायला हवा.

पुढच्या तासाला त्या तयारीनिशी आल्या. कशाची तयारी? रुबिनच्या १९७६च्या मांडणीची. नोंद निव्वळ योगायोगाने गळाली, दिसणाऱ्या दुसऱ्या मापांमुळे गळाली, की जे मापायचं होतं त्याच्यामुळेच गळाली, अशा तीन जाती. व्याख्या चोख, सिद्धता चोख. गणितज्ञ तो गणितज्ञ, कचरा दिसला तरी आधी त्याचं वर्गीकरण करणार! मला ते आवडलं, आजही कामाला येतं. पण ती शून्यं भरली कुणी, फॉर्मवर काय छापलं होतं, विचारायला फोन कुणाला करायचा, हा भाग पुन्हा राहिलाच. इथेच घोडं पेंड खातं. या विभागाला मॅट्रिक्सचं सगळं कळतं, त्यातली ओळ कुठून आली ते विचारायची सवय नाही.

त्यात गंमत अशी की संख्याशास्त्र विभाग त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. नमुना कसा घ्यावा, प्रयोग कसा आखावा, हे त्यांचं घरचं दुकान. दोन वर्षांत तिथलं एकही माणूस आमच्या वर्गावर आलं नाही. खरं तर जॉन टुकीसारखा अमेरिकी गणितज्ञ १९३९ साली टोपॉलॉजीत (आकारांच्या गणितात) पीएचडी करून पुढे डेटाकडे वळला आणि डेटा ॲनालिसिस हे स्वतंत्र शास्त्र आहे असं १९६२ साली सांगून मोकळा झाला. आमच्याकडे मात्र एक जिना चढायला कुणी तयार नाही.

संशोधनाचं म्हणाल तर दारांवरच्या पाट्या भराभर बदलल्यात. काहींना तो हक्क आहे. ऑप्टिमायझेशनवाल्या सरांनी काही नवं केलं नाही, जगच त्यांच्याकडे चालत आलं. आज मोठमोठी न्यूरल नेटवर्कं ज्या पद्धतीने शिकवतात त्या स्टोकास्टिक ग्रेडियंट डिसेंटचं मूळ रॉबिन्स आणि मनरो यांच्या १९५१च्या लेखात आहे, आणि ते तो लेख वीस वर्षं शिकवत आलेत. काही पाट्या मात्र निव्वळ पाट्या आहेत.

माझा प्रकल्प टोपॉलॉजीकडचा होता, परसिस्टंट होमॉलॉजी: बिंदूंच्या ढगातली भोकं शोधायची आणि कोणती टिकतात ते बघायचं. कल्पना देखणी. मी हौसेने कंपनीच्या डेटातले ४०० बिंदू घेतले. किती अंतरापर्यंतचे बिंदू जोडायचे याची मर्यादा घालायला विसरले, म्हणजे सगळेच एकमेकांना जोडले गेले. ४०० बिंदूंमधून त्रिकोणच होतात १ कोटी ५ लाख ८६ हजार ८००. लॅपटॉप गपगार. मर्यादा घातल्यावर चाललं, पण शेवटी जे भोक सापडलं ते म्हणजे मधला घाट, जिथून आमच्या गाड्या जातच नाहीत. ते कुठल्याही ड्रायव्हरने सांगितलं असतं. मार्गदर्शक खूश होते, गुणही चांगले मिळाले.

कुणी घ्यावा? नोकरीत दोन-तीन वर्षं डेटा हाताळलाय आणि मॉडेल असं का वागतं या प्रश्नाने झोप उडते, त्यांनी डोळे मिटून घ्यावा. पदवी झाल्या झाल्या थेट नोकरीसाठी येणाऱ्यांनी एसक्यूएल आणि घाणेरड्या फायली साफ करायचा सराव बाहेरून करून यावं, नाहीतर मुलाखतीत कॉन्व्हेक्सिटी सांगून परत यावं लागेल. आमच्या तुकडीतल्या दोघांचं तसं झालं. गणिताची भीती असेल तर कृपा करून येऊ नका. इथे कुणी बोट धरून नेत नाही.

पाचपैकी साडेतीन.

एक कबुली द्यायला हवी. गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला, नव्या तुकडीला एसक्यूएलचे चार तास घ्याल का म्हणून. मी हो म्हटलंय, फक्त फाईल आमच्या गोदामातून आली तशीच, न धुता देणार असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मीपण बसते. त्यामुळे गुण देताना माझा हात थोडा सैल सुटला असेल, तेवढा अर्धा वजा करून घ्या.