मदरबोर्ड बदलल्याचे पैसे घेतले, बदलला होता फक्त एक जम्पर

माझ्याकडे पाट्या कोरायचं एक मशिन आहे. ते अजूनही जुन्या पेंटियम कॉम्प्युटरवर चालतं, कारण त्याचं कंट्रोल कार्ड आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं आहे आणि आताच्या साध्या मदरबोर्डवर तो स्लॉट येत नाही. ज्यांचं रोजचं काम अशाच एखाद्या जुन्या कार्डावर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझे पैसे गेले, पण दुसऱ्या कुणाचं धडधाकट मशिन असं भंगारात जाऊ नये.

दरवेळी फ्लॉपीवरून फाइली आणण्याऐवजी नेटवर्क जोडावं म्हणून मी एक वापरलेलं नेटवर्क कार्ड आणलं. एनई २००० या जुन्या जातीचं, जम्परवालं, म्हणजे पिनांच्या जोडीवर छोटी टोपी बसवून सेटिंग करायचं. विंडोज ९८ मध्ये ड्रायव्हर बसला, दुसरा कॉम्प्युटर दिसू लागला. पहिली फाइल पाठवायला लावली आणि शेजारी मशिनचं हेड आपोआप हिसका देऊन सरकलं. पितळेच्या पाटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा उठला. फाइल थांबवली तसं हेडही थांबलं. परत पाठवली, परत हिसका. आणलेल्या फाइलीही मधूनच खराब निघत होत्या.

दोन कार्डांचं भांडण, म्हणजे कॉन्फ्लिक्ट म्हटलं की आपण आधी इंटरप्ट बघतो, म्हणजे कार्ड प्रोसेसरचं लक्ष वेधायला वापरतं त्या लाइनचा नंबर. मीही तेच पाहिलं. नेटवर्क कार्ड ३ नंबरच्या इंटरप्टवर होतं, म्हणून बायोसमध्ये जाऊन त्याच नंबरवर चालणारा कॉम २ हा सिरियल पोर्ट बंद केला. फरक पडला नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या भागांच्या यादीत, बिघाड दाखवणारं एकही पिवळं उद्गारचिन्ह नव्हतं. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

त्याने डिव्हाइस मॅनेजरचं ते पान मला दाखवलं. "बघा साहेब, विंडोज म्हणतंय सगळं बरोबर आहे. म्हणजे कार्डांचं भांडण नाही, बोर्डच गेलाय. स्लॉटला दोन कार्डांचा भार झेपत नाही." नेटवर्क कार्ड काढलं की मशिन सुरळीत चालायचं, त्यामुळे त्याचं बोलणं मला पटलं. कोरण्याचं कार्डही कमजोर झालंय, नवीन बोर्डावर फार दिवस टिकणार नाही, मी ठेवून घेतो, असंही तो म्हणाला. कार्ड मात्र मी दिलं नाही.

चार दिवसांनी कॅबिनेट परत आलं. मागच्या स्क्रूवर कागदी सील होतं, ते फाटलं तर वॉरंटी नाही. बिलावर दोनच शब्द होते, 'मदरबोर्ड बदलला'. फाइल पाठवली, हेड जागचं हललं नाही. मी पूर्ण पैसे दिले.

काही महिन्यांनी घड्याळ मागे पडू लागलं, म्हणजे बोर्डवरचा सेल संपत आला होता. सील फाडून कॅबिनेट उघडलं. सेलच्या खोबणीशेजारी बारीक मार्करने एक तारीख लिहिलेली होती. अक्षर माझं होतं. काही वर्षांपूर्वी सेल बदलला तेव्हा मीच ती लिहिली होती. बोर्ड तोच होता.

मग नेटवर्क कार्ड बाहेर काढून उजेडात धरलं. जम्परच्या पिनांवर जुनी धूळ बसली होती, फक्त ३०० लिहिलेली जोडी लख्ख होती. म्हणजे टोपी आधी तिथे होती आणि अलीकडेच काढलेली होती. आता ती ३४० वर होती. चार दिवसांचं काम ते एवढंच.

दोष काय होता तो नीट सांगतो, कारण हा घोळ आयएसए कार्डांत वारंवार सापडतो. प्रत्येक कार्डाला एक पत्ता असतो, त्या आकड्यावर कॉम्प्युटर त्याच्याशी बोलतो. माझं कोरण्याचं कार्ड ३१० या पत्त्यावर आहे. नेटवर्क कार्ड ३०० वर. आकडे वेगळे दिसले म्हणून मी पुढे पाहिलंच नाही. पण एनई २००० कार्ड एक पत्ता घेत नाही, सलग ३२ घेतं. हे पत्ते दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजले जातात (नऊनंतर ए ते एफ), त्यामुळे ते ३०० पासून ३१एफ पर्यंत पसरतं. त्यातही ३१० हा त्याचा डेटा जाण्यायेण्याचा दरवाजा आहे. फाइलीतला प्रत्येक तुकडा त्या पत्त्यावर लिहिला जात होता आणि माझं कार्ड तो मोटर हलवायचा हुकूम समजत होतं. वाचताना दोन्ही कार्डं एकदम उत्तर द्यायची, म्हणून फाइली बिघडायच्या.

आणि उद्गारचिन्ह का नव्हतं? मशिनचं कार्ड प्लग अँड प्लेच्या, म्हणजे कार्डं आपोआप ओळखली जाण्याच्या सोयीच्या, आधीचं, त्याचं सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं. ते स्लॉटमध्ये आहे हे विंडोजला माहीतच नसतं. त्यामुळे डिव्हाइस मॅनेजर स्वच्छ असण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ज्याने जम्पर बरोबर ३०० वरून ३४० वर नेला, त्याला हे नक्की ठाऊक होतं. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. दुरुस्ती त्याला येत होती. सेटिंग बदलायचे रीतसर पैसे मागितले असते तर मी आनंदाने दिले असते.

बोर्डचे फोटो घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. आधी म्हणाला, त्याच मॉडेलचा बोर्ड टाकलाय, सारखाच दिसणार. अक्षर दाखवलं तेव्हा म्हणाला, मुलाकडून अदलाबदल झाली असेल, बघतो. नंतर फोन उचलणं बंद. बिलावर बोर्डाचा नंबर नव्हता, जुना बोर्ड मी परत मागितला नव्हता, त्यामुळे माझ्या हातात धरायला काही उरलं नाही.

तुमचं कॅबिनेट बाहेर जाणार असेल तर आधी प्रत्येक कार्डाच्या जम्परचे आणि स्विचचे जवळून फोटो काढा आणि बोर्डच्या कडेला स्वतःच्या हाताने खूण करा. बदललेला भाग परत मागा, नव्याचा नंबर बिलावर लिहून घ्या. 'बोर्ड गेला' असं कुणी म्हटलं तर डिस्प्ले कार्ड सोडून सगळी कार्डं काढायला लावा आणि एकेक करून तुमच्यासमोर परत बसवायला सांगा. प्रत्येक कार्ड किती पत्ते घेतं ते त्याच्या माहितीपत्रकात असतं, निदान तेवढं पान जपून ठेवा.

ते 'कमजोर' कार्ड अजून त्याच स्लॉटमध्ये आहे. आज सकाळीही त्याने तीन पाट्या कोरल्या, आणि तिसरी चालू असताना मी मुद्दाम शेजारून फाइल पाठवून पाहिली.