झरमॅट ते सेंट मॉरिट्झ: ग्लेशियर एक्स्प्रेस घ्यावी की साध्या गाड्यांनी जावं?

स्वित्झर्लंडचा बेत ठरला की आठवडाभरात हा प्रश्न येतोच. मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं झरमॅट आणि एंगाडिन खोऱ्यातलं सेंट मॉरिट्झ ही दोन्ही गावं यादीत असतात. मधे जवळजवळ 290 किलोमीटरचा डोंगराळ रेल्वेमार्ग आहे आणि त्यावर ग्लेशियर एक्स्प्रेस नावाची प्रसिद्ध गाडी धावते. ती आरक्षित करायची की नाही, यावर घरात दोन तट पडतात.

ठरवण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकी सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. ग्लेशियर एक्स्प्रेससाठी वेगळा मार्ग नाही. ज्या मीटरगेज रुळांवरून ती जाते, त्याच रुळांवरून मॅटरहॉर्न गोटहार्ड बान आणि रेशियन रेल्वे या दोन कंपन्यांच्या साध्या प्रवासी गाड्या बहुतेक दर तासाला धावतात. पूल, बोगदे, घाट, नद्या सगळं तेच. वेळही जवळपास तितकाच, आठ तासांच्या आसपास. मूळ तिकीटही दोन्हीकडे सारखंच, दुसऱ्या वर्गाचं पूर्ण भाडं साधारण 160 फ्रँक. स्विस ट्रॅव्हल पास (ठरावीक दिवस देशभर रेल्वेने फिरण्याचा पर्यटकांचा पास) असेल तर हे भाडं दोन्हीकडे पासातच येतं. ग्लेशियर एक्स्प्रेसमध्ये त्यावर सक्तीचं आरक्षण लागतं, माणशी साधारण 50 फ्रँक. मुलं फॅमिली कार्डावर आईवडिलांसोबत फुकट जात असली तरी सीट हवी म्हणून त्यांचंही आरक्षण करावं लागतं. चौघांच्या कुटुंबाला म्हणजे नुसत्या आरक्षणाचे दोनशे फ्रँक. प्रश्न एवढाच, की त्या पैशांत जास्तीचं काय मिळतं आणि काय हातचं जातं.

काय मिळतं

छतापर्यंत वळलेल्या काचा मिळतात, आणि त्यांचं मोल खरं आहे. झरमॅटहून खाली उतरताना खोरं इतकं अरुंद होतं की साध्या खिडकीतून समोरचा कडा दिसतो, शिखर दिसत नाही. इथे मान वर केली की शिखर दिसतं. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या काचा सारख्याच आहेत. फरक बैठकीचा आहे: पहिल्यात एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन सीट, दुसऱ्यात दोन्हीकडे दोन-दोन. म्हणून निव्वळ देखाव्यासाठी पहिला वर्ग घेऊ नका. एक्सलन्स क्लास हा त्याहून निराळा प्रकार. प्रत्येकाला खिडकी, अनेक पदार्थांचं जेवण, डब्यातच बार. त्यासाठी पहिल्या वर्गाच्या तिकिटावर आणखी पाचशे फ्रँकच्या आसपास मोजावे लागतात. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असेल तर जरूर घ्या. एरवी तेवढ्या पैशांत सेंट मॉरिट्झला आणखी मुक्काम करता येतो, आणि मी तोच करीन.

दुसरं, जागेवरून उठावं लागत नाही. झरमॅटला सकाळी बसायचं, संध्याकाळी सेंट मॉरिट्झला उतरायचं. गाडीतल्या स्वयंपाकघरात शिजलेलं जेवण टेबलावर येतं. शाकाहारी असाल तर आधीच कळवून ठेवा. घरचे ठेपले, दशम्या काढून खाल्ल्या तरी कोणी हरकत घेत नाही. कानाला लावायला माहितीची फीत असते. सामान एकदा ठेवलं की ठेवलं. सोबत सत्तरीचे आईवडील असतील, कोणाचे गुडघे दुखत असतील, तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो. तिथे पुढचं न वाचता आरक्षण करून टाकलंत तरी चालेल.

काय हातचं जातं

सगळ्यात आधी हिमनदीच. गाडी 25 जून 1930 ला पहिल्यांदा धावली तेव्हा ती फुर्का खिंड चढून ऱ्होन हिमनदीच्या समोरून जायची, तेही फक्त उन्हाळ्यात. 1982 मध्ये सुमारे साडेपंधरा किलोमीटरचा फुर्का बोगदा सुरू झाला आणि गाडी वर्षातला बहुतेक काळ धावू लागली. पण ज्या हिमनदीवरून तिचं नाव पडलं, तो देखावा त्या अंधारात गेला. हे माहीत नसलेले लोक दिवसभर खिडकीत हिमनदी शोधत बसतात आणि हिरमुसतात.

साध्या गाड्यांनी जाणाऱ्याला मात्र हिमनदी गाठता येते. ब्रिगच्या पुढे फीश नावाचं स्टेशन आहे. तिथे रोपवेचं स्टेशन रेल्वेला लागूनच बांधलंय. मधे एकदा बदलून एगिसहॉर्नवर, जवळपास 2,900 मीटर उंचीवर पोहोचलं की खाली ‘आलेच’ नावाची हिमनदी पसरलेली दिसते. आल्प्समधली ही सर्वात लांब हिमनदी, वीस किलोमीटरच्या वर. रोपवेचं तिकीट वेगळं पडतं आणि हंगामांच्या मधल्या काळात तो बंद असतो, एवढं आधी पाहून घ्या. ज्याला जुना फुर्का मार्गच अनुभवायचा आहे, त्याच्यासाठी ओबरवाल्ड ते रियाल्प असा 18 किलोमीटरचा टप्पा रेल्वेप्रेमी स्वयंसेवकांनी पुन्हा उभा केला आहे. उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी तिथे वाफेचं इंजिन धावतं. जो रेल्वेवेडा आहे त्याने बाकी काही सोडावं, हे सोडू नये.

मग फोटो. ग्लेशियर एक्स्प्रेसच्या काचा उघडत नाहीत. दुपारच्या उन्हात समोरच्याचा पांढरा शर्ट, टेबलावरची प्लेट, स्वतःचा मोबाइल, सगळं फोटोत उमटतं. काळे कपडे आणि काचेला चिकटवलेली लेन्स याने थोडं निभावतं, पूर्ण नाही. मार्गाच्या शेवटच्या टप्प्यात, कूर ते सेंट मॉरिट्झच्या साध्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत उघडणाऱ्या खिडक्यांचा छोटा भाग असतो. डेक्कन एक्स्प्रेसच्या व्हिस्टाडोम डब्यात बसून खंडाळ्याचा घाट पाहणं आणि साध्या डब्याच्या उघड्या खिडकीत पावसाचे थेंब तोंडावर घेत तोच घाट पाहणं, यात जो फरक आहे तोच इथे आहे.

उघडी खिडकी सर्वात जास्त कामी येते ती याच टप्प्यातल्या अल्बुला मार्गावर. 2008 मध्ये हा मार्ग, पुढच्या बर्निना मार्गासकट, युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. फिलिझूरजवळचा लांडवासर पूल तुम्ही चित्रांत पाहिलेलाच असेल: 65 मीटर उंच, दगडी, वळणदार, आणि पूल संपतो तिथेच उभ्या कड्यात बोगद्याचं तोंड. गाडी पुलावर वळते तेव्हा मागच्या डब्यातून पुढचे डबे कड्यात शिरताना दिसतात. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. ग्लेशियर एक्स्प्रेसने तो पूल तुम्हाला एकदाच मिळतो. साध्या गाडीने आलात तर फिलिझूरला उतरा, पायवाटेने पुलाच्या दर्शनस्थळापर्यंत चालत जा, एखादी लाल गाडी वरून जाऊ द्या आणि मग पुढची पकडा. पुलावरून जाताना पूल कधीच पूर्ण दिसत नाही.

त्याच्या पुढचा बेर्ग्युन ते प्रेडा हा टप्पा माझ्या मते संपूर्ण प्रवासाचा कळस आहे. दोन गावांत सरळ अंतर जेमतेम सहा किलोमीटर, चढ मात्र चारशे मीटरहून जास्त. म्हणून रूळ डोंगराच्या पोटात शिरून गोल फिरतात, वरच्या अंगाला बाहेर येतात, दरी ओलांडतात, पुन्हा आत शिरतात, आणि सहा किलोमीटरचे बारा होतात. बेर्ग्युनचं चर्च एकदा डावीकडे दिसतं, एकदा उजवीकडे, दरवेळी आणखी खाली. दातेरी रूळ, म्हणजे ज्याच्या दातांत गाडीचं दातेरी चाक अडकून ती चढ चढते ते, इथे अजिबात नाहीत. सगळा चढ नुसत्या वळणांवर जिंकलाय, 1903 मध्ये. झरमॅटचं खोरं आणि ओबरआल्पची खिंड इथे मात्र गाडी दातेरी रुळाला धरून चढते-उतरते. एकाच दिवसात दोन्ही पद्धती पाहायला मिळतात. ज्याला हे कसं केलं याची ओढ लागेल त्याच्यासाठी बेर्ग्युन स्टेशनलगत अल्बुला रेल्वेचं संग्रहालय आहे. हिवाळ्यात प्रेडाहून बेर्ग्युनला बंद असलेल्या घाटरस्त्यावरून स्लेजने घसरत येतात आणि पुन्हा गाडीने वर जातात. मुलं सोबत असतील तर तिथेच दिवस संपेल.

अँडरमॅट आणि डिझेंटिसमधल्या ओबरआल्प खिंडीचंही तसंच. 2,033 मीटरवरचा हा मार्गाचा सर्वोच्च बिंदू. ऱ्हाइन नदीचा उगम जवळच आहे आणि त्या खुणेसाठी खिंडीत लाल रंगाचं एक छोटं दीपगृह उभं आहे, नदी जिथे समुद्राला मिळते त्या हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या दीपगृहासारखं. साध्या गाडीने खिंडीत उतरता येतं, तासभर फिरता येतं, गरम काहीतरी पिता येतं. ग्लेशियर एक्स्प्रेसमध्ये ते दीपगृह काचेतून मागे जातं.

कोणती बाजू?

ग्लेशियर एक्स्प्रेसमध्ये उजवी की डावी, यावर लोक फार डोकं शिणवतात. कूरला गाडीची दिशा उलटते. डिझेंटिसहून ऱ्हाइनच्या घळीतून, पांढऱ्या चुनखडी कड्यांमधून गाडी रायशेनाउला येते, कूरपर्यंत जाते, आणि त्याच रुळांवरून रायशेनाउपर्यंत परत येऊन मग दक्षिणेला वळते. म्हणजे सकाळी जी तुमची उजवी बाजू होती ती कूरनंतर डावी. एकाच बाजूला सगळं मिळणार नाही. लांडवासर पूल सेंट मॉरिट्झकडे जाताना उजव्या हाताला चांगला दिसतो, तेवढं लक्षात ठेवा. साध्या गाड्यांत गर्दी नसेल तर उठून पलीकडे बसता येतं. कूरला वळसाही घ्यावा लागत नाही, रायशेनाउलाच गाडी बदलायची.

बदलाबदलीची भीती

साध्या गाड्यांनी जायचं तर फिस्प किंवा ब्रिग, अँडरमॅट, डिझेंटिस आणि रायशेनाउ (किंवा कूर) इथे गाडी बदलावी लागते. ऐकायला खूप वाटतं. प्रत्यक्षात एक गाडी पोहोचते तेव्हा पुढची बहुतेकदा जवळच्याच फलाटावर उभी असते, कारण वेळापत्रकच तसं गुंफलेलं आहे. चुकली तर तासाने दुसरी. अडचण होते ती मोठ्या बॅगांची. चौघांच्या चार मोठ्या सूटकेस घेऊन चार वेळा चढउतार करणं म्हणजे प्रवासाचा विचका. बॅगा स्टेशनवरून पुढच्या स्टेशनला पाठवण्याची रेल्वेची सोय आहे, ती वापरा आणि पाठीवर एक छोटी सॅक ठेवा. हे जमणार नसेल तर ग्लेशियर एक्स्प्रेसच बरी.

हवामान

डोंगरात ढग उतरले की छतापर्यंतच्या काचेतूनही पांढरं धुकंच दिसतं. ग्लेशियर एक्स्प्रेसचं आरक्षण महिने-दोन महिने आधी केलेलं असतं, त्यामुळे तो दिवस जसा निघेल तसा घ्यावा लागतो. पासावर साध्या गाडीने जाणारा सकाळी खिडकीबाहेर बघून ठरवतो. माझा कल साध्या गाड्यांकडे झुकतो त्यामागे हे मोठं कारण आहे.

मग काय करावं

दोघं-तिघं असाल, चालण्याची आवड असेल, हाताशी दोन दिवस असतील, तर साध्या गाड्यांनी जा आणि अँडरमॅट किंवा कूरला रात्र काढा. आठ तास सलग देखावे बघताना डोळे थकतात. ऱ्हाइनच्या घळीपर्यंत डब्यातले अर्धे लोक पेंगत असतात, आणि अल्बुला तर त्याच्याही पुढे आहे. ताज्या डोळ्यांनी अल्बुला पाहायचा असेल तर प्रवास तोडणं हाच उपाय. कूरमध्ये झरमॅट-सेंट मॉरिट्झपेक्षा स्वस्तात राहता येतं आणि गावाचा जुना भागही फिरण्यासारखा आहे.

एकच दिवस असेल आणि थोरली माणसं सोबत असतील तर ग्लेशियर एक्स्प्रेस, दुसरा वर्ग. बेत सुट्टीच्या दिवसांतला असेल तर आरक्षण खुलं होताच, साधारण तीन महिने आधी, करून ठेवा. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ही गाडी बंद असते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना त्यामुळे बहुतेकदा साध्या गाड्या हाच पर्याय उरतो, आणि त्या वर्षभर चालतात.

झुरिचमार्गे जाण्याचा सल्लाही कोणी देईल. तास-दीड तास वाचतो, पण फिस्प ते कूरमधला सगळा डोंगरी भाग जातो.

हिवाळ्यात जाणार असाल तर दिशेचा विचार जरूर करा. डिसेंबर-जानेवारीत दरीत लवकर अंधारतं. झरमॅटहून सकाळी निघालात तर अल्बुलाचे पूल आणि वळणं नेमकी संधिप्रकाशात येतात. सेंट मॉरिट्झहून निघालात तर तोच भाग सकाळच्या उन्हात मिळतो आणि अंधार पडेपर्यंत तुम्ही झरमॅटच्या खोऱ्यात पोहोचलेले असता. म्हणून थंडीत आधी सेंट मॉरिट्झला मुक्काम करा, झरमॅट नंतर ठेवा, आणि हॉटेलं त्या क्रमाने बुक करा.