‘बंद पडलेलं जनुक चालू करतो’ म्हणाले आणि आम्ही पैसे भरले

माझ्या धाकट्या भावाला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार. आमच्या अण्णांनाही होता. तेव्हा गावात त्याला नुसतं रातांधळेपणा म्हणत. दिवेलागण झाली की अण्णा ओसरीवरून उठायचे नाहीत. पन्नाशीत त्यांची नजर नळीतून बघावं तेवढीच उरली आणि शेवटी शेवटी त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. भाऊ आता 34 वर्षांचा आहे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला आहे आणि त्याला चार वर्षांची मुलगी आहे. हे सगळं आधी सांगते, कारण आम्ही का फसलो ते याच्याशिवाय कळणार नाही.

2022 मध्ये पुण्यातल्या रेटिनाच्या डॉक्टर बाईंनी भावाच्या रक्ताची जनुक तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये आरएचओ जनुकात दोष निघाला. हे जनुक रोडोप्सिन नावाचं प्रथिन बनवतं. डोळ्याच्या पडद्यातल्या दंडपेशी अंधुक उजेडात बघायचं काम करतात आणि त्यांचं सगळं काम या प्रथिनावर चालतं. उजेड पडला की तो आधी हेच पकडतं. रोडोप्सिन म्हणजे 348 अमिनो आम्लांची माळ. भावाच्या माळेत 347 व्या जागी प्रोलीनच्या ऐवजी ल्यूसीन आहे. बाईंनी कागदावर माळ काढून शेवटच्या चार-पाच मण्यांभोवती गोल केला आणि म्हणाल्या, “हा पत्ता आहे असं समजा. प्रथिन तयार होतं, पण पत्ता चुकल्यामुळे ते पेशीत जिथे पोचायला हवं तिथे नीट पोचत नाही. भलतीकडे साठतं आणि हळूहळू पेशी मरते.” आधी दंडपेशी जातात, मग त्यांच्या मागे रंग आणि बारकावे दाखवणाऱ्या शंकूपेशीही जातात.

यावर आज औषध नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दरवर्षी तपासायला या, मोतीबिंदू झाला किंवा पडद्याच्या मध्यभागी सूज आली तर त्यावर इलाज आहे, अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा, रात्रपाळी बदलून घ्या, असंही सांगितलं. आम्ही मात्र “औषध नाही” एवढंच ऐकून घरी आलो.

2023 ची दिवाळी झाली आणि तालुक्याच्या मंगल कार्यालयात मोफत नेत्र शिबिर लागलं. आमच्या मावसभावानं कळवलं. पांढरा कोट घातलेला माणूस पडद्यावर चित्रं दाखवत होता. दंडपेशी, रोडोप्सिन, जीवनसत्त्व अ, सगळं मराठीत आणि सोपं करून. जॉर्ज वॉल्ड यांना याच विषयावरच्या कामासाठी 1967 चं नोबेल मिळालं, तेही सांगितलं. अमेरिकेत डिसेंबर 2017 मध्ये लक्स्टर्ना नावाच्या जनुक उपचाराला मान्यता मिळाली आणि दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर लावली गेली, हेही सांगितलं. मी नंतर एकेक वाक्य तपासलं. ती सगळी खरी होती. म्हणूनच हे लिहिते आहे. अडाणी बुवाबाजी असती तर आम्ही उठून आलो असतो.

भावाचा रिपोर्ट त्यानं हातात घेतला, आरएचओवर बोट ठेवलं आणि आईकडे बघून म्हणाला, “आई, तुमच्या मुलाचं हे जनुक बंद पडलंय. आम्ही ते चालू करतो. अमेरिकेत पाच कोटींच्या वर लागतात, आपल्याकडे अडीच लाखांत होतं.” आईनं पदर डोळ्याला लावला. पुढच्या आठवड्यात तिच्या पाटल्या सराफाकडे गेल्या.

खोटं होतं ते या एका वाक्यात. भावाचं जनुक बंद पडलेलं नव्हतंच. ते चालूच होतं आणि चुकीचं प्रथिन बनवत होतं. लक्स्टर्ना आहे आरपीई65 या वेगळ्याच जनुकासाठी, आणि तेही आई आणि वडील या दोघांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर. तिथे जे मुळात कमी पडतं ते बाहेरून पुरवता येतं. भावाची एक प्रत चांगली आहे, ती तिचं काम करते आहे. त्रास दुसऱ्या, बिघडलेल्या प्रतीचा आहे. नवीन चांगली प्रत डोळ्यात घातली म्हणून बिघडलेली गप्प बसत नाही. संशोधक आता तिला गप्प करायच्या मागे आहेत. आरएचओमधल्या दुसऱ्या एका बदलासाठी, 23 व्या जागच्या, तसलं औषध माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलंही होतं. पण ते नेमकं त्या बदलासाठी बनवलेलं होतं, भावाच्या 347 ला ते लागू नाही. एकाच जनुकातल्या दोन दोषांना एक औषध चालत नाही, तर सगळ्या आरपीवाल्यांना एकच पॅकेज कसं चालेल, हा प्रश्न त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही सुचला नाही.

नोंदणीचे 11 हजार आणि पॅकेजचे 2 लाख 49 हजार, असे 2 लाख 60 हजार भरले. पहिल्या टप्प्यात कॅप्सूल आणि थेंब, दुसऱ्यात डोळ्याच्या बाजूला सहा इंजेक्शनं, तिसऱ्यात पोटाच्या चरबीतून काढलेल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, दोन्ही डोळ्यांत. सही घेतली ती चार पानी इंग्रजी कागदावर. अक्षरं मुंगीएवढी. भावाला एका वेळी दोन-तीन शब्दच दिसतात, ओळ संपली की पुढची ओळ सापडत नाही. तिथल्या मुलीनं सहीच्या जागेखाली पट्टी धरली आणि “इथे, दादा, पट्टीच्या वर” म्हणाली. त्यानं सही केली. मी शेजारीच उभी होते, आणि मीही ती पानं वाचली नाहीत.

दोन महिन्यांनी त्यांनी ‘सुधारणा’ दाखवली. ती कशी दाखवतात ते नीट लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला तो अर्धवट अंधाऱ्या खोलीत, बाहेरच्या उन्हातून आत आल्या आल्या, चष्मा काढून. आरपीच्या माणसाला अंधाराला डोळे सरावायला फार वेळ लागतो, तेव्हा त्याला काय दिसणार? दुसऱ्या वेळी तोच तक्ता ट्यूबलाइटखाली, चष्मा लावून, अर्धा तास बसवून. तीन ओळी जास्त वाचल्या. नजर किती रुंद पोचते ते मोजणाऱ्या फील्ड टेस्टचंही तसंच. ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. पहिल्या खेपेला माणूस गांगरतो, दुसऱ्यांदा हात बसतो आणि आकडे जरा बरे येतात. दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून त्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ गाडीत बसल्यावर रडला, आनंदानं.

आणि त्या आनंदानं आमचं सगळ्यात मोठं नुकसान केलं. आता दिसतंय असं वाटून त्यानं संध्याकाळची मोटारसायकल पुन्हा सुरू केली. फेब्रुवारीत, गळीत हंगाम चालू असताना, कारखान्याच्या रस्त्याला उसाची ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. तो थेट तिच्यावर गेला. गळपट्टीचं हाड मोडलं. डोक्यावर बेतलं नाही. दवाखान्यात मला म्हणाला, “ताई, ट्रॉली तिथे नव्हतीच गं.” त्याच्या नजरेत ती खरंच नव्हती.

प्रमाणपत्राचंही तेच झालं. कायद्याप्रमाणे दृष्टीचं क्षेत्र 40 अंशांच्या आत आलं की अल्पदृष्टी धरतात आणि 10 अंशांच्या आत आलं की अंधत्व. भाऊ केव्हाच पात्र होता. पण या लोकांनी सांगितलं, “प्रमाणपत्र काढू नका, बरे झाल्यावर रद्द करायला त्रास होतो.” सव्वा वर्ष गेलं. तेवढे दिवस तो रात्रपाळी करत राहिला.

कॅप्सूल जीवनसत्त्व अ च्या होत्या, 50 हजार युनिटच्या, रोज एक. रोडोप्सिनमध्ये ऑप्सिन हे प्रथिन आणि जीवनसत्त्व अ पासून बनणारं रेटिनल असे दोन भाग असतात. ज्याच्या शरीरात हे जीवनसत्त्वच कमी पडलेलं असतं, त्याचा रातांधळेपणा ते दिल्यावर जातो. भावाला त्याची कमतरता नव्हती. त्याच्यात बिघाड आहे तो ऑप्सिनमध्ये. जास्तीचं जीवनसत्त्व अ लघवीवाटे निघून जात नाही, ते यकृतात साठतं. पाचव्या महिन्यात भावजयीच्या लक्षात आलं की त्याचे ओठ फाटतायत, कंगव्यात केसांचे पुंजके येतायत, डोकं सारखं दुखतंय. तिनंच हट्ट धरला आणि आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. यकृताचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टर बाईंनी बाटली उजेडात धरली. बनवणाऱ्याचं नाव असतं तिथलं लेबल खरवडलेलं होतं. गरोदर बाईनं इतका डोस घेतला तर बाळात व्यंग येऊ शकतं, हे त्यांनी भावजयीला तिथेच बजावलं, कारण क्लिनिकनं “घरातल्या सगळ्यांनी घ्या” म्हणून एक जादा बाटली दिली होती.

तिसरा टप्पा पंधरा दिवसांवर आला होता. बाई आमच्यावर चिडल्या नाहीत. त्यांनी फ्लोरिडातली घटना सांगितली, ती 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. 72 ते 88 वयाच्या तीन बायका, वयोमानानं पडदा खराब झालेल्या. प्रत्येकीनं 5 हजार डॉलर भरले, पोटाच्या चरबीतल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या आणि होती ती नजरही बहुतेक सगळी गेली. भावाची मधली नजर अजून चांगली आहे. त्या नळीतून तो मुलीचा चेहरा बघतो, मोबाइलवरचा मजकूर वाचतो. पंधरा दिवसांनी तीच आम्ही पैसे देऊन पणाला लावणार होतो.

मुलीचं सांगायलाच हवं. आमच्या घरातला आजार असा आहे की आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडून बिघडलेली प्रत आली तरी पुरते. म्हणजे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. या लोकांनी ते भावजयीला एकटीला गाठून सांगितलं आणि ‘प्रतिबंधक थेंब’ पुढे केले, वर्षाचे 18 हजार. पोरीची तपासणी झालेली नाही, तिला काही त्रास नाही, आणि थेंबांनी जनुक बदलत नाही. इतर सगळं मी कधीतरी विसरेन, पण आईच्या भीतीवर पैसे मागणारं ते बोलणं विसरणार नाही. भावजय नाही म्हणाली, म्हणून ती एक गोष्ट वाचली.

तुमच्या घरी आरपी असेल तर उपचार विकणाऱ्याला आधी विचारा की कोणत्या जनुकातल्या कोणत्या बदलासाठी हे आहे. मग विचारा, मान्य औषध आहे की चाचणी. चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये तिची नोंद असलीच पाहिजे, सीटीआरआयचा क्रमांक मागा आणि स्वतः उघडून बघा. चाचणीतलं औषध रुग्णाला विकत घ्यावं लागत नाही. लाखांत पैसे मागितले तर ती चाचणी नव्हे. मूळ पेशींबद्दल आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचना आहेत. रक्ताच्या काही आजारांमधलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं नोंदणीकृत चाचणीतच करता येतं. आणि अंधत्व बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे.

आम्ही पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी पावती दाखवली. तीवर लिहिलं होतं ‘नेत्रपोषण सल्ला व आहार’. जनुक नाही, मूळ पेशी नाहीत, रोडोप्सिनही नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे आणि अन्न व औषध प्रशासनाला बाटलीच्या फोटोसह अर्ज दिला आहे. वकील म्हणाले, पावती कच्ची आहे, पण शिबिराचं पत्रक उपयोगी पडेल. त्यावर ‘आरपी 100 टक्के बरा’ असं छापलेलं आहे. ते पत्रक आईनं देवघरात ठेवलं होतं, म्हणून मिळालं. तुमच्याकडे असं पत्रक, बाटली, ऑनलाइन पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट असेल तर रागानं फाडू किंवा पुसू नका.

भावाचं प्रमाणपत्र गेल्या महिन्यात हातात आलं. आता तो दिवसपाळीला आहे. पांढऱ्या काठीचं शिकवायला एक सर आठवड्यातून दोनदा येतात. पहिले काही दिवस गल्लीतल्या लोकांनी बघू नये म्हणून तो पहाटे पाचला निघायचा. परवा संध्याकाळी मुलीला घेऊन किराणा दुकानापर्यंत जाऊन आला.