निओपेट्समध्ये परत येताय? आल्टाडोर आधी, की चालू प्लॉट?

निओपेट्स या आभासी पाळीव प्राण्यांच्या ऑनलाइन खेळातलं जुनं अकाउंट उघडलं, पेट्सना खाऊ घातलं, खेळातल्या बँकेतलं व्याज आणि टायरॅनिया या ठिकाणचं फुकटचं ऑम्लेट घेतलं, की परतलेल्या खेळाडूला पुढचा प्रश्न पडतो: आता कथेत कुठून शिरायचं? टप्प्याटप्प्याने उलगडणाऱ्या, कोडी सोडवत खेळायच्या अशा कथेला इथे प्लॉट म्हणतात. वाटा दोन आहेत. 2006 साली आलेला आल्टाडोरचा प्लॉट आजही उघडा आहे. कधीही सुरू करा, एकट्याने खेळा. नाहीतर सध्या जो मोठा प्लॉट चालू असेल किंवा येऊ घातला असेल, त्यात सगळ्यांबरोबर उतरा. दोन्ही मी खेळलोय. वेळ थोडा असेल तर दोन्ही एकदम होत नाहीत, म्हणून हा आढावा.

आधी चालू प्लॉटची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. त्यात जे घडतं ते निओपियात, म्हणजे खेळाच्या जगात, कायमचं राहतं. 2010 च्या ‘फेरीज रुइन’ या प्लॉटमध्ये झांड्रा नावाच्या जादूगारणीने सगळ्या पऱ्यांचे दगड केले आणि ढगांतलं फेरीलँड खाली कोसळलं. ते आजही जमिनीवरच आहे. नवा खेळाडू नकाशा बघतो तेव्हा त्याला ते नेहमीचं ठिकाण वाटतं. त्या वेळी जे खेळत होते त्यांना मात्र तिथे आधी ढग होते हे आठवतं. पुढे बरीच वर्षं मोठं असं काही आलं नव्हतं. मग 2024 मध्ये ‘व्हॉइड विदिन’ हा प्लॉट सुरू झाला आणि कित्येक जुनी माणसं त्या एका कारणाने परत आली. नवं प्रकरण आलं की सगळीकडे तीच चर्चा, प्रत्येकाचा वेगळा तर्क. ही मजा आल्टाडोरमध्ये नाही. शिवाय पॉइंट्स जमवून शेवटी बक्षिसांच्या दुकानात खर्च करता येतात, आणि त्यातल्या काही वस्तूंना नंतर चांगला भाव येतो.

तरीही माझं मन चालू प्लॉटवरून उडालं. कारण एकच, आणि ते भारतात बसून खेळणाऱ्यालाच कळेल.

खेळाचं घड्याळ अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर चालतं. आपल्याकडे त्यांचा दिवस दुपारी साडेबाराला बदलतो, हिवाळ्यात दीड वाजता. प्लॉटची नवी स्टेप, म्हणजे पुढचा टप्पा, बहुतेक त्यांच्या दिवसा येते, म्हणजे आपल्या मध्यरात्री. यात कुणाचा दोष नाही. पृथ्वी गोल आहे. पण कोडं येतं तेव्हा मी झोपलेला असतो आणि सकाळी उठेपर्यंत ते सुटलेलं असतं. हजारो डोकी एकदम लागल्यावर कितीही अवघड कोडं तासाभरात फुटतं, मग त्याचा गाइड तयार होतो. मी चहा घेत बसतो तोवर ‘इथे क्लिक करा, मग तिथे क्लिक करा’ अशी यादी समोर असते. ती बघायची नाही असं ठरवलं तरी चर्चेच्या शीर्षकातच उत्तर दिसतं. आणि रेंगाळत बसावं तर पुढची स्टेप येऊन ठेपते, पॉइंट्स मागे पडतात. दर वेळी हेच व्हायला लागलं. कथा मला आवडत होती, पण मी ती सोडवत नव्हतो. दुसऱ्याने सोडवलेल्या गणिताची वहीत नक्कल करत होतो.

लढाईच्या टप्प्यांबद्दल फार बोलत नाही. बॅटलडोममध्ये, म्हणजे पेट्सच्या लढाईच्या मैदानात, ज्याचा पेट आधीपासून तगडा आहे त्याला ते सोपे जातात, बाकीच्यांना फक्त क्लिक करत राहावं लागतं. काहींना तेही आवडतं.

आता आल्टाडोर. विस्मरणात गेलेलं राज्य, हॉल ऑफ हीरोजमधले बारा संस्थापकांचे पुतळे, आणि आकाशात दडलेली बारा नक्षत्रं. साशा नर्तकी, मराक लाट, केलंड चोर, फ्लोरिन शेतकरी, टोराकोर ग्लॅडिएटर. यांतल्या प्रत्येकाचं नक्षत्र ताऱ्यांच्या गर्दीतून शोधून, रेघा जोडून दाखवायचं. बारावा पुतळा कुणाचा आणि त्याचं काय झालं, ते इथे सांगत नाही. ते स्वतः शोधण्यासारखं आहे.

मला जिंकलं ते इथे: प्रत्येक अकाउंटचं आकाश वेगळं असतं. गाइड तुम्हाला नक्षत्राचा आकार सांगेल, पण ते तुमच्या आकाशात कुठे आहे हे सांगू शकणार नाही. ताऱ्यांच्या नकाशावर एकेक चौकोन सरकवत जावं लागतं. डोळे शिणतात, दोनदा तोच भाग बघितला जातो, आणि मग अचानक तो आकार दिसतो. तो क्षण मला कुठल्याही चालू प्लॉटमध्ये मिळाला नाही. नक्षत्र शोधून देणारी साधनं लोकांनी बनवली आहेत, पण ती वापरायची की नाही हे तुमच्या हातात आहे. उत्तर आपणहून अंगावर येत नाही, एवढाच फरक, पण माझ्यासाठी तोच मोठा आहे.

कमी बाजूही आहेत. मध्ये काही ठिकाणी थांबावं लागतं, आणि उत्साहात असताना ते जड जातं. कुणाशी बोलावं तर सगळ्यांनी हे कधीच पूर्ण केलेलं असतं. फोनवर ताऱ्यांचं काम मला तरी जमलं नाही, लॅपटॉपच घ्यावा लागला. बक्षीस मात्र छान आहे: प्लॉट पूर्ण झाला की राजा आल्टाडोर रोज एक भेट देतो. दिवस आपल्या दुपारी बदलत असल्यामुळे ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत ती घेता येते.

तुम्ही कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत असाल तर माझी मुख्य तक्रार बाद होते, मग चालू प्लॉट आधी धरायला हरकत नाही. मित्रांची टोळी एकत्र खेळणार असेल तरीही तसंच. आणि प्लॉट संपल्यावर त्याची चित्रकथा वाचायला मिळते, पण त्याची बक्षिसं मिळत नाहीत, हेही खरं. त्यामुळे बक्षिसांची ओढ असेल तर थांबू नका.

बाकीच्यांनी, विशेषतः रात्री नऊ-दहानंतर तासभरच मोकळा असलेल्यांनी, माझ्या मते आल्टाडोर आधी घ्यावा. गाइड उघडण्याआधी एक संध्याकाळ नुसतं हिंडा: अर्काइव्ह्ज, क्वारी, डॉक्स, फार्म, कॉलोसियम. जवळ वही ठेवा आणि आकाशाचा जो भाग बघितला त्याचे नकाशावरचे आकडे लिहीत जा, म्हणजे तोच भाग पुन्हा चाळावा लागणार नाही.